पोचा पडलेल्या तांब्याचा फोटो

इंदूला एका जागी बसवत नसे. शाळेच्या स्टाफरूममध्ये तिची खुर्ची दाराजवळची, आणि तीही बहुतेक वेळा रिकामी. चहा ती उभ्यानंच प्यायची, वह्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तपासायची, आणि मीटिंग लांबली की पाणी प्यायच्या निमित्तानं तीनदा तरी बाहेर जाऊन यायची. ती मूळची नांदेडची. पंच्याऐंशी साली लग्न होऊन लातूरला आली आणि इथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवू लागली. पोरांना ती वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवत असे, "माहीत आहे तसं काढू नका, दिसतंय तसं काढा."

पुढं लातूर क्लासेसचं गाव झालं. किनवटपासून उदगीरपर्यंतची पोरं पेट्या घेऊन इथं उतरू लागली. चित्रकलेचे आठवड्याला तीन तास होते, त्याचे दोन झाले, मग एक. शेवटी तो एकही वेळापत्रकात नुसता लिहिण्यापुरता राहिला. "पालकांची मागणी आहे, बाई. गणिताला देऊन टाका," मुख्याध्यापक म्हणाले. इंदूनं देऊन टाकला. वस्तुचित्रासाठी कपाटात जपून ठेवलेली सुरई, कंदील, चिनी मातीचा पांढरा वाडगा, सगळं तिनं एका शनिवारी रिक्षात घालून घरी आणलं.

त्याच दिवाळीला पुण्याहून लेक आली, मालविका. ती नोकरीला लागली होती. जाताना आपला छोटा डिजिटल कॅमेरा आईच्या हातात ठेवून म्हणाली, "फिरतच असतेस ना दिवसभर, मग हा घेऊन फिर."

पण इंदू कॅमेरा घेऊन फिरली नाही. तिनं जेवणाच्या टेबलावर सुरई ठेवली, शेजारी दोन कांदे ठेवले आणि फोटो काढला. फ्लॅश पडला. पाहते तर कांद्यावर पांढरा डाग, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली आणि सुरई पोलिसांनी पकडून आणलेल्या माणसासारखी भेदरलेली. तिनं फ्लॅश बंद केला. मग फोटो हलले. नवऱ्याची प्रश्नसंचांची जाडजूड पुस्तकं एकावर एक रचून तिनं त्यांवर कॅमेरा टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात मागं घेऊन उभी राहिली. ते दोन सेकंद तिला फार मोठे वाटायचे.

हळूहळू ती शिकली. वरचा बल्ब सगळ्या वस्तू चपट्या आणि पिवळ्या करतो, म्हणून तो बंद. तसेही लोडशेडिंगचे दिवस होते, बल्बचा भरवसा नव्हताच. खिडकीचा उजेड एका बाजूनं आला की सुरईचं पोट गोल दिसतं. तो फार कडक असला तर खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवायचा. दुसरी बाजू अंधारात बुडाली तर तिकडं पांढरा कार्डशीट उभा करायचा, म्हणजे थोडा उजेड परत फिरतो. एक गोष्ट मात्र तिला कळेना. पांढरा वाडगा गुलाबी का येतो?

"समोर बघ की," अमृतराव म्हणाले. तिचा नवरा तीन क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवायचा. पहाटेच्या बॅचपासून त्याचा घसा कामाला लागलेला असे. खिडकीपासून दहा फुटांवर मुलींच्या नव्या होस्टेलची भिंत उभी राहिली होती, गुलाबी ऑइलपेंट मारलेली. "ऊन त्या भिंतीवर पडतं आणि तिथून तुझ्या वाडग्यावर येतं. तुझ्या घरात येणारा सगळा उजेड आता होस्टेलचा आहे."

मग ती कॉम्प्युटरवर बसून गुलाबी रंग काढायला शिकली. म्हणजे बसून कसली, उभीच राहून. फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये पांढरं कुठं आहे ते बाणानं दाखवलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येत. कडा कापायच्या, काळं थोडं गडद करायचं, डाग दिसला तर शेजारचा तुकडा उचलून त्यावर बसवायचा. हे शेवटचं तिला इतकं जमलं की चार महिन्यांत क्लासपर्यंत बातमी गेली.

जूनमध्ये निकाल लागला आणि अमृतरावांच्या एका क्लासच्या संचालकांनी तिला बोलावून घेतलं. गुणवंतांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावायचे होते. "मॅडम, ही पोरगी आमची पहिली आहे. फोटो लई काळा आलाय. जरा उजळ करा, आणि हनुवटीवरचं तेवढं काढून टाका. बोर्डावर उठून दिसली पाहिजे."

पोरीचं नाव रुद्राणी. किनवटकडच्या जंगलातल्या गावची, आश्रमशाळेत शिकून लातूरला आलेली. हनुवटीवर तिरपी जुनी खूण होती. इंदूनं चेहरा दोन छटा उजळला, गालावरचा तुकडा उचलला आणि खुणेवर बसवला. पाच मिनिटांचं काम.

फ्लेक्स लागला त्या दिवशी ती आपलं काम बघायला चौकात गेली. खाली रुद्राणी उभी होती आणि शेजारी लुगडं नेसलेली तिची आई, त्याच सकाळी गावाहून आलेली. आई मान वर करून एकेक चेहरा बघत होती.

"आपला कोणता गं?" तिनं विचारलं.

"अगं, तो काय, मधला," रुद्राणी हसत म्हणाली. आईनं परत पाहिलं. "हाव का," म्हणाली, पण ते पटल्यासारखं नव्हतं. रुद्राणीचं हसू संपलं आणि तिचा हात हळूच हनुवटीकडं गेला.

इंदू तिथून जी निघाली ती थेट घरी न जाता गंजगोलाईच्या बाजारपेठेला दोन फेऱ्या मारून आली.  दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडं गेली आणि फोटो बदलू द्या म्हणाली. ते हसले. "छापून लागलाय, मॅडम. आणि पोरगी खूश आहे." तिनं मूळ फोटोची चांगली प्रत काढून घेतली आणि होस्टेलवर नेऊन रुद्राणीला दिली. "हा आईला दे. चुकलं माझं," एवढंच बोलता आलं. त्या दिवसापासून तिनं ठरवलं की आता फोटोत काहीही काढायचं नाही आणि काहीही घालायचं नाही.

हा निश्चय आठ दिवस टिकला असेल. एका दुपारी दारात केवळाबाई येऊन उभी राहिली. होस्टेलच्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची. पंचावन्नच्या पुढची, उंच, हाडापेरानं मजबूत. पदराखाली काहीतरी होतं.

"बाई, रुद्राणी म्हनली, तुमी फोटोतला डाग काढता. माग बी न्हाई लागत कुटं काय व्हतं ते."

"आता नाही काढत, मावशी."

"माज्या तोंडाचा न्हाई वो. ह्याचा." तिनं पदर बाजूला केला. पितळी तांब्या होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. काठापासून पोटापर्यंत एक लांब, उभा पोचा पडलेला होता आणि त्याच पोच्यावरून टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव आडवं गेलं होतं, पुनम. 'पु' पोच्याच्या अलीकडं, 'न' खोल आत आणि 'म' पलीकडं.

पुनम ही केवळाबाईची लेक. किल्लारीच्या पलीकडं त्यांचं गाव. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा मामानं उदगीरच्या बाजारातून हा तांब्या नाव घालून आणला होता. त्र्याण्णव साली गणपती बोळवून सगळे झोपले आणि पहाटे भिंती अंगावर आल्या. पुनम सात वर्षांची होती. तांब्या तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून निघाला. घरात पोरीचा एकही फोटो नव्हता.

"धाकट्या लेकानं नवं घर रंगवलंय. भिंतीवर लावाया फोटो पायजे. तांब्याचाच लावते. तेवढा पोचा काढून द्या."

इंदूनं तांब्या हातात घेतला. काम करायचं, पण निश्चय मोडायचा नाही, असं तिनं मनाशी धरलं. तांब्या टेबलावर ठेवला, खिडकीचा उजेड बाजूनं घेतला. बाजूच्या उजेडानं अक्षरं उठून दिसली, टिंब न् टिंब मोजून घ्यावं अशी. पोचाही उठून दिसला. दरीच पडल्यासारखी काळी सावली. इंदूला फोटो आवडला. तिला वाटलं, ह्यात सगळं आहे. दोन दिवसांनी तिनं तो केवळाबाईला दाखवला.

केवळाबाईनं बराच वेळ पाहिला. "हे तर मला घरीबी दिसतंय, बाई."

"पण खरं आहे ना ते? तांब्या आहे तसाच आलाय."

"खरं कसं?" केवळाबाईचा आवाज चढला नाही, पण बदलला. "ह्यो पोचा भिंतीनं पाडला. माज्या पोरीनं पोच्याचा तांब्या कधी बगितलाच न्हाई. तिच्या हातात व्हता तवा चांगला व्हता. मला तिचा तांब्या पायजे, भिंतीचा न्हाई."

ती गेली आणि इंदू त्या खोलीत गोल गोल फिरत राहिली. आयुष्यभर पोरांना शिकवलेलं वाक्य ती मनात म्हणून पाहत होती आणि ते पुरत नव्हतं. शेवटी तिनं प्रोग्राम उघडला. उजव्या बाजूचं गुळगुळीत पितळ उचललं आणि पोच्यावर बसवलं. पोचा गेला, पण त्याच्याबरोबर 'न'ही गेला. मागं राहिलं 'पु' आणि 'म'. मग तिनं कॉम्प्युटरमधला 'न' टाइप करून मधोमध बसवून पाहिला. तो लग्नपत्रिकेतल्यासारखा सुबक आला.  तिनं ते सगळं पुसून टाकलं. तेवढ्यात वीज गेली आणि तिला बरंच वाटलं.

मग उजेड समोरून घेऊन पाहिला. पोचा चपटा झाला, पण नावही नाहीसं झालं. तांब्या फिरवला तर नाव मागं गेलं. चार दिवस तिच्या घरात तो तांब्या कधी टेबलावर, कधी जमिनीवर, कधी खिडकीत. येता-जाता ती त्याला थोडा फिरवायची, मागं सरकायची, परत यायची. शाळेतही तिचं लक्ष लागेना. अमृतराव दुपारच्या बॅचवरून आले तर जेवणाच्या ताटाच्या जागी तांब्या.

"काय अडलंय?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. ते वाकून पाहू लागले.

"नांगरलेलं रान पाहिलंस का सकाळी? नांगराच्या तासांच्या आडवं ऊन आलं की प्रत्येक तास काळा दिसतो. पण ऊन तासांच्या दिशेनंच आलं तर रान सपाट वाटतं. सावली पडायला जागाच नाही. हा पोचा उभा आहे, तू उजेड आडवा टाकतेस."

"आणि नाव?"

"टिंबं तर गोल आहेत. त्यांना कुठूनही उजेड आला तरी थोडी सावली पडणारच."

म्हणजे उजेड वरून हवा, काठाकडून पोटाकडं उतरणारा. इंदूनं तांब्या आडवा करून त्याचं तोंड खिडकीकडं केलं. सावली खरंच विरघळली. पण आता दुसरंच संकट उभं राहिलं. पितळ इतकं घासलेलं होतं की त्यात खिडकी दिसत होती, गुलाबी भिंत दिसत होती, कॅमेरा घेऊन उभी असलेली इंदू दिसत होती, आणि जिथं पोचा होता तिथं ते सगळं वाकडं होऊन पोच्याची जागा सांगत होतं. चकाकी म्हणजे चहाडखोर. ती जोवर आहे तोवर काही लपायचं नाही.

रविवारी सकाळी तिनं हार मानली. तांब्या पिशवीत घातला आणि परत करायला मेसकडं निघाली. कॅमेरा खांद्याला होताच, सवयीनं.

मेसचं स्वयंपाकघर म्हणजे होस्टेलच्या मागचं पत्र्याचं शेड. छपरातला एक पत्रा प्लॅस्टिकचा होता, उजेड यावा म्हणून घातलेला. त्यातून दुधासारखा मऊ उजेड सरळ खाली परातीवर पडत होता. केवळाबाई पोळ्या लाटत होती.

"जमलं नाही मला, मावशी," इंदू म्हणाली आणि तांब्या पुढं केला.

 पिठाचे हात तसेच पुढं करून केवळाबाईनं तांब्या घेतला, पोलपाटाशेजारी ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं की तो पिठानं माखला. ती पदरानं पुसू लागली.

"थांबा!" इंदू एवढ्या मोठ्यानं ओरडली की भाजी चिरणाऱ्या बायांनी माना वर केल्या. "पुसू नका. हात लावू नका."

जिथं पीठ लागलं होतं तिथली चकाकी मेली होती. पितळ जुन्या सोन्यासारखं मंद दिसत होतं. पदराचा एकच फटकारा नावावरून गेला होता. त्यानं वरचं पीठ निघालं, पण टिंबांच्या खड्ड्यांत अडकलेलं तिथंच राहिलं. 'पु' पांढराशुभ्र दिसत होता.

"मावशी, अजून पीठ लावा. थोडंच, सगळीकडं."

"खुळ्या झाल्या का, बाई?"

"लावा तर."

केवळाबाईनं पोळीला लावावं तसं कोरडं पीठ बोटांनी हलकं पसरवलं. इंदूनं नावावरून एकदा ओढणी फिरवली. पुनम. तिन्ही अक्षरं वाचता येत होती, पोच्यातला 'न'सुद्धा. तिनं तांब्या उजेडाच्या बरोबर खाली ठेवला, तेलाचा रिकामा डबा उपडा करून त्यावर कॅमेरा टेकवला, फुलाची खूण असलेली जवळच्या फोटोची सेटिंग लावली. मग एकामागून एक फोटो. मधेच ढग यायचा, उजेड कमी व्हायचा, आणि दोघी वर बघत थांबायच्या.

अशाच एका थांबण्यात इंदू बोलून गेली. सतरा वर्षांत अमृतरावांनाही न सांगितलेलं.

"भूकंपानंतर आम्हा चित्रकलेच्या शिक्षकांना तिकडच्या पत्र्याच्या शाळांत पाठवलं होतं. पोरांकडून चित्रं काढून घ्या, म्हणाले, मन मोकळं होतं. एक पोरगी म्हणाली, बाई, आमचं घर काढून द्या. दार इकडं, लिंब तिकडं, असं सांगायला लागली. मी काढलं की म्हणायची, असं न्हाई. मी खोडायची, परत काढायची. दिवसभर. पाचव्या दिवशी ताप आल्याचं सांगून मी पळून आले, मावशी. ते घर तसंच अर्धं राहिलं. तेव्हापासून कुठं बसले की वाटतं, उठून जावं."

केवळाबाई परातीतल्या कणकेवर ओलं फडकं टाकत होती. "कोन व्हती पोरगी?"

"नाव विसरले. तेच तर."

"इसरनारच. किती पोरं व्हती तवा." तिनं हात झटकले. "चार दिस तर ऱ्हायलाव. आमच्या सोयऱ्यातले तोंड दाखवून त्याच दिशी माघारी गेले. ऊन आलं बगा, काढा."

इंदूचे डोळे भरून आले होते, म्हणून पुढचे दोन फोटो नीट आले नाहीत. तिसरा आला.

घरी आल्यावर तिनं प्रोग्राम उघडला आणि या वेळी काय करायचं, काय नाही, हे एकेक ठरवत गेली. प्लॅस्टिकच्या पत्र्यामुळं आलेली हिरवट झाक काढली. ती तांब्याची नव्हती. मागचा पोलपाट कापून टाकला. अक्षरांजवळचं काळं थोडं गडद केलं. पोच्याला हात लावला नाही. तो पोटावर जवळपास नाहीसा झाला होता, फक्त काठाजवळ किंचित वाकलेला दिसत होता. नावाच्या खाली पिठाचा एक ठसा उमटला होता, केवळाबाईच्या अंगठ्याचा, रेषा मोजता येतील असा. त्यावर बाण नेऊन इंदू थांबली. मग तिनं ठरवलं की हे आपण ठरवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई स्क्रीनसमोर खुर्चीत बसली, हात मांडीवर घट्ट धरून. बऱ्याच वेळानं तिनं बोट पुढं केलं, पण काच न शिवता.

"हितं जरा दिसतोय अजून."

"काढू का? येतं मला."

केवळाबाईनं विचार केला. "नगं. काठ ऱ्हाऊ द्या. न्हाईतर घरचे म्हनतील, दुसराच तांब्या आनलाय." मग ती पुढं वाकली. "आन् हे काय?"

"तुमचा अंगठा. पिठाचा. नको असेल तर—"

"माजा?"  लेकीचं नाव आणि त्याच्याखाली आपला अंगठा, असं ती आळीपाळीनं बघत राहिली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. सतरा वर्षांत ती किती रडली असेल कुणास ठाऊक. इंदू तिच्याशेजारी उभी राहिली, मग स्टूल ओढून बसली आणि केवळाबाई उठेपर्यंत बसून राहिली.

फोटो केवळाबाईच्या नव्या घरात लागला. गावानं तो पाहिला आणि महिनाभरात निरोप आला की बाईंना घेऊन ये, अजून चार जणांच्या वस्तू आहेत. इंदू गेली. रविवारी सकाळची एसटी, पिशवीत कार्डशीट, ट्रेसिंग पेपर आणि डबाभर पीठ. चाराचे चाळीस झाले. एकानं अडकित्ता आणला, एकीनं पाळण्याची कडी. इंदू आता आधी विचारायची, यातलं काय राहू द्यायचं आणि काय जाऊ द्यायचं, आणि उत्तर प्रत्येकाचं वेगळं असायचं. एक म्हातारी गंज तसाच ठेवा म्हणाली. तिच्याच जावेला तो नजरेसमोर नको होता. वाद झाला की इंदू ओसरीवरून उतरून गल्लीत एक फेरी मारून यायची. तिची ती सवय काही गेली नाही.

पावसाळा संपता संपता एका रविवारी अण्णाराव नावाचे म्हातारे मांडीवर रेडिओ घेऊन नंबर लावून बसले होते. रेडिओची जाळी फुटलेली, एक बटण गेलेलं. तो त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ राहिला नाही, रेडिओ कधी दुरुस्त झाला नाही.

"काका, बटण घालू का नवं? की असंच?"

"बटनाचं काय बी करा, बाई," अण्णाराव म्हणाले. "आवाज येऊन राहिलाय असा काढा."

इंदूनं रेडिओ उचलून ओसरीच्या कडेला, उन्हाच्या तिरपीत ठेवला, जाळीची फुटकी बाजू थोडी सावलीत वळवली आणि त्यांना विचारलं, "कोणतं स्टेशन लावायचे तुमचे भाऊ?"